सगुणाबाईंचा पदर कच्चा नव्हता

सगुणाबाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते कामरगावच्या आठवडी बाजारात, वांग्यांच्या ढिगामागे. माझे लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. मालेगावहून आलेल्या नव्या सुनेला बाजार दाखवावा म्हणून सासूबाई मला घेऊन गेल्या होत्या. खरे म्हणजे बाजाराला सून दाखवायची होती. सगुणाबाई भाजी तोलत होत्या आणि गिऱ्हाईक नसले की टकळी फिरवून सूत काढत होत्या. बाजारात बसून कातणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी उभी राहून पाहतच राहिले. त्या हसल्या आणि सांबाराची एक जुडी उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली. (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) मी हात पुढे केला. तो डावा होता. सासूबाईंनी तिथल्या तिथे त्यावर फटका मारला.

"अवं माय, डाव्या हातानं घेते का कोनी? घरची लक्ष्मी जाईन अशानं!"

सगुणाबाई म्हणाल्या, "राहू द्या वो वयनी. हातच तं हाये."

एवढीच आमची पहिली ओळख. मी डावखुरी आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. लहानपणी आईने ते झाकले, सासरी सासूबाईंनी त्या हाताला फडके बांधून ठेवले, आणि पुढे मी स्वतःच ते लपवायला शिकले.

सगुणाबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. आमच्या समितीचे चिटणीस मोठे शिस्तीचे गृहस्थ आहेत. त्यांनी मला कळवले की आधी प्रथम परिचय द्यावा, मग कार्य, मग गुण, मग शुभेच्छा. पाने चारच्या वर जाऊ नयेत आणि शोक बेताचा असावा. सोबत त्यांनी प्रस्तावनाही वाचायला पाठवली. तिच्यात एक वाक्य आहे: "पुढे दृष्टी मंदावल्याने सगुणाबाईंच्या हातचा पीळ पूर्वीसारखा राहिला नाही, व दुपदरी सुताच्या शिक्षणाची धुरा त्यांच्या पट्टशिष्या द्वारकाबाई यांनी समर्थपणे सांभाळली." ती पट्टशिष्या मी. ते वाक्य खोटे आहे आणि ते माझ्यामुळे खोटे आहे. चिटणिसांनी मला माफ करावे. हा लेख मी ते वाक्य पुसण्यासाठी लिहिते आहे. पाने किती होतील ते होवोत.

सगुणाबाईंचा चरख्याशी संबंध आला तो यजमानांमुळे. त्यांना सारे गाव आबाजी म्हणे. गावाला लागून त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार, उन्हाळ्यात कांदे. माणूस भारी गमत्या. एकदा कुठल्याशा सभेसाठी ते अकोल्याला गेले आणि परत आले ते शपथ घेऊनच: यापुढे अंगावर घरी कातलेल्या सुताचेच कापड. सगुणाबाई हे सांगताना अजूनही चिडतात. "शपथ त्याइनं घेतली आन् हात माहे कामाले लावले! मले कोनी इचारलं होतं?"

पण लावले ते लावले. गावातल्या एका पिंजाऱ्याच्या बायकोकडून त्या कापसाचे पेळू, म्हणजे कातायच्या वाती, वळायला शिकल्या, सुताराकडून चरखा करवून घेतला आणि मळ्यातली कामे उरकून दुपारी कातायला बसू लागल्या. पहिल्या वर्षीचे सूत कुठे दोरीसारखे जाड तर कुठे केसासारखे बारीक होते. त्याचे कापडही तसेच खडबडीत निघाले. आबाजी ते नेसून बाजारात मिरवले. कोणी हसले तर म्हणत, "हसता कायले गा? खाज सुटली तं वेगळं खाजवा लागत नाही, कापडच खाजवते." बायकोच्या कामाचे त्यांना असे कौतुक होते, आणि ते कौतुक ते असे उलट्या वाटेने करत.

खरी अडचण विणताना आली. आमच्या गावात गणपत कोष्टी म्हणून विणकर आहेत. त्यांनी सगुणाबाईंचे सूत परत आणून दिले. एकेरी सूत आडव्या धाग्याला चालते. पण मागावर जो उभा ताणा लागतो त्याला सारखी ओढ आणि ठोके बसतात. तिथे हातचे एकेरी सूत टिकेना, पटापट तुटे. गणपतभाऊंनी सांगितले की ताण्याला गिरणीचे सूत घ्या. सगुणाबाईंनी साफ नाही म्हटले. अर्धे गिरणीचे नेसायचे तर शपथ कसली, असे त्यांचे म्हणणे. मग त्या कामरगावात कुणी केले नव्हते ते करायला बसल्या. सुताचे दोन धागे एकत्र घेऊन त्यांना पुन्हा चरख्यावर पीळ द्यायचा, म्हणजे दुपदरी सूत तयार होते. यात एकच मेख आहे. कातताना चाक ज्या बाजूला फिरवले, पीळ देताना ते त्याच्या उलट्या बाजूला फिरवावे लागते. तसे केले तरच दोन्ही पदर एकमेकांना धरून बसतात आणि सूत ओढीला टिकते. हे त्यांना कोणी शिकवले नाही. आठवडाभर सूत नासवून त्यांनी ते शोधले. गणपतभाऊंनी ते सूत दोन्ही हातांनी खेचून पाहिले आणि मागावर चढवले.

पुढे आम्ही सात जणी त्यांच्या ओसरीवर शिकायला जाऊ लागलो. शिकवण्यात त्या कडक होत्या. सूत हातात घेत, चिमटीत धरून झटका देत, तुटले की तुकडे मांडीवर ठेवत. "पाय, हे तुहं आजचं काम," एवढेच म्हणत. एका मोठ्या शेतवाल्यांच्या सूनबाई पंधरा दिवसांत शिकून घ्यायचे म्हणून आल्या होत्या. त्यांनाही असेच तुकडे मिळाले आणि त्या रागावून गेल्या त्या परत आल्या नाहीत. सगुणाबाईंना त्याचे वाईट वाटले, पण त्यांनी बोलावणे पाठवले नाही.

ओसरीवरची एक पद्धत मात्र फक्त त्यांचीच होती. दुपदरी सूत करताना त्या एक पदर स्वतःच्या हातचा घेत आणि दुसरा आमच्यापैकी कुणाचा तरी. दोन्ही पदर शिकाऊ हातांचे कधी एकत्र करत नसत. मी एकदा विचारले, "मावशी, असं काहून?" म्हणाल्या, "तुमी कोठं चुकसान तं माहा पदर धरून ठेवन. मी चुकली तं तुमचा धरन." हे वाक्य आम्ही सात जणींनी तेव्हा हसून घेतले. त्यांच्या हातून चूक होईल यावर आमचा विश्वासच नव्हता.

माझ्यापुरते सांगायचे तर ती ओसरी म्हणजे घराबाहेरची माझी एकुलती एक जागा होती. सासूबाई मला विहीर आणि देऊळ यांपलीकडे जाऊ देत नसत. कातायला जाऊ देत त्या एका अटीवर: दर आठवड्याला घरात सूत आले पाहिजे. एकदा मला महिनाभर हिवतापाने धरले. उठवत नव्हते, सूत कुठून येणार? सासूबाई म्हणू लागल्या, आता पुरे ते कातणे. तिसऱ्या दिवशी सगुणाबाई मेथीची पेंडी घेऊन मला पाहायला आल्या आणि जाताना सासूबाईंच्या हातात सुताच्या लडी ठेवून गेल्या. म्हणाल्या, "द्वारकीचं मागचं सूत माह्याकडं राह्यलं होतं." मागचे सूत वगैरे काही नव्हते. चारही आठवडे त्या येत राहिल्या आणि माझे नसलेले सूत माझ्या नावाने देत राहिल्या. मी अंथरुणातून पाहत होते. बरे झाल्यावर मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडे येते.

लढाईची वर्षे होती. कापड कंट्रोलवर चिठ्ठीने मिळत होते. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आबाजींच्या पोटात दुखू लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी पोटात गाठ आहे, दोन-तीन महिने धरा, असे सांगितले. आबाजींनी ते शांतपणे ऐकले, घरी आले आणि सगुणाबाईंना म्हणाले, "ऐक वो. मले नेताना गिरनीचं कापड नको घालू. घरचंच पाह्यजे."

ते आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले. ओसरीवर चरखे चालू होते, ते एकेक करून थांबले. सगुणाबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "बारीक पाह्यजे का जाड?"

"जाडच राहू दे. मले कोठं मिरवाचं हाये आता?"

आपल्या नवऱ्याच्या शेवटच्या वस्त्राचे सूत त्याच्याच डोळ्यांदेखत कातायचे, हे काम सगुणाबाईंच्या वाट्याला आले. आबाजींची बाज त्यांनी ओसरीलगतच्या खोलीत दाराशी आणली होती. ते पडल्या पडल्या चरख्याकडे पाहत. कधी म्हणत, "आज लय जोरात चालली तू. घाई कायले करते? मी काय पळून राह्यलो?" सगुणाबाई हसत नसत, पण चाक जरा हळू करत. आम्ही सात जणींनी आपापल्या लडी द्यायच्या ठरवल्या. नेहमीप्रमाणे एक पदर त्यांचा, एक आमचा.

आबाजी डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा लवकर खालावले. पोटात अन्न ठरेना. मला राहवेना. माझ्या उजव्या हाताची कताई संथ होती, तिथे मी सगळ्यांत मागे असे. पण घरी, दुपारी सासूबाई शेतात गेल्या की मी दार लोटून चरखा फिरवून ठेवत असे आणि डाव्या हाताने कातून पाहत असे. त्या हाताने सूत झरझर निघे, एकसारखे निघे. आजवर ते सूत मी कुणाला दाखवले नव्हते. त्या वेळी मनात आले, ही वेळ लाजायची नाही, चार लडींच्या जागी आठ देता येतील. मी आठ दिवस डाव्या हाताने कातले आणि लडींचा मोठा जुडगा सगुणाबाईंच्या पुढे नेऊन ठेवला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "द्वारके, तुहा हात बसला आता," असे म्हणाल्या. मला केवढे भरून आले होते म्हणून सांगू!

कातणाऱ्या वाचक भगिनींना इथेच धडकी भरली असेल. बाकीच्यांसाठी सांगते. डाव्या हाताने कातताना माझे चाक इतरांच्या उलट फिरे, म्हणून माझ्या सुताचा पीळही उलट पडे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. पण उलट पिळाचा धागा सुलट पिळाच्या धाग्याशी जोडून त्यांना एकत्र पीळ दिला, की माझा धागा आणखी आवळत जातो आणि दुसरा उकलत जातो. दुसरा धागा कोणाचा? सगुणाबाईंचा. पीळ बसेना म्हणून त्यांनी आणखी पीळ दिला. जितका पीळ दिला, तितका त्यांचाच पदर सुटत गेला. हे त्या करत होत्या नवऱ्याच्या उशाशी बसून, एकीकडे त्यांच्या ओठांना पाणी लावत.

सूत विणायला दिल्यावर पाचव्या दिवशी गणपतभाऊ ते हातात घेऊन ओसरीवर आले. ताण्यात माझ्याच लडी सर्वांत जास्त होत्या आणि निम्मा ताणा मागावर तुटला होता. आबाजींना पाहायला म्हणून त्या दिवशी चार बायका जमल्या होत्या, त्यांत माझ्या सासूबाईही होत्या. गणपतभाऊ संकोचाने म्हणाले, "बाई, राग मानू नका. पन दुसरा पदर सलामत हाये. तुमचाच उकलून राह्यला."

सगुणाबाईंनी सूत घेतले. चिमटीत धरून एकदा इकडे वळवले, एकदा तिकडे वळवले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मला वाटले, त्या धीर मागत आहेत. मी मूर्खासारखी मान हलवली. त्या गणपतभाऊंना म्हणाल्या, "व्हय भाऊ. माहाच हात चुकला. डोळे गेले माहे."

बाजेवरून आबाजींनी विचारले, "काय झालं वो?"

"काई नाही. थोडं सूत कमी पडलं. अजून कातते."

"कात, कात. मी थांबतो."

ते थांबले नाहीत. सगुणाबाई पुन्हा पहिल्यापासून कातायला बसल्या आणि तिथून सहाव्या दिवशी सकाळी, चरखा चालू असतानाच, आबाजी गेले. तोवर अर्ध्या वस्त्राचेही सूत झाले नव्हते. माझे यजमान कंट्रोलच्या दुकानात चिठ्ठी घेऊन गेले आणि मांजरपाट घेऊन आले. त्याच्या एका टोकाला गिरणीचा निळा शिक्का होता. सगुणाबाईंनी तो शिक्का पाहिला. दोन्ही हातांनी त्यांनी ते टोक आत दुमडले, पुन्हा दुमडले. तरी कापड पातळ होते, निळे आरपार दिसत होते. त्यांनी तिसऱ्यांदा दुमडले. कोणीतरी बाई म्हणाली, "आता होऊ द्या वो, उशीर होऊन राह्यला." तेव्हा त्यांनी हात काढले.

मला तेव्हाही कळले नव्हते. महिन्याने कळले. घरी बसून मी उजव्या आणि डाव्या हाताचे दोन धागे सहज एकत्र केले, पीळ दिला, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक पदर सुटा झाला. चरख्यापुढे मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. उठून सगुणाबाईंकडे जावे, पायांवर डोके ठेवावे आणि सांगावे, असे मनात आले. मी गेले नाही. सांगितले तर डावा हात बाहेर पडणार, सासूबाई चरखा फेकून देणार, ओसरी बंद होणार. भीती खरी होती. पण पुढे दोन वर्षांनी सासूबाई वारल्या आणि मी तरीही बोलले नाही. तेव्हा भीती कसली होती? काही नाही. तोवर मला गप्प राहणे सोयीचे झाले होते.

कारण मधल्या काळात गावात बोलणे पसरले होते. सगुणाबाईंचा हात गेला, नवऱ्याच्या शेवटच्या कापडालासुद्धा त्यांचे सूत टिकले नाही. बायकांचे बोलणे, ते कोण अडवणार? गावोगावचे सूत विकत घेणाऱ्या खादी केंद्राची मंडळी आली, त्यांच्याही कानावर गेले. दुपदरी सूत शिकवायचे काम त्यांनी सगुणाबाईंकडून काढून माझ्याकडे दिले. मी नको म्हटले, पण एकदाच म्हटले. दुसऱ्यांदा म्हणायला हवे होते. सगुणाबाई स्वतः माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "घे, घे. तुहा उजवा हात आता चांगला चालते." त्या 'उजव्या'वर त्यांनी किंचित जोर दिला की मला तसे वाटले, हे मी कितीतरी वर्षे स्वतःला विचारत राहिले.

या ग्रंथाचे ठरले आणि माझ्याकडे प्रस्तावना आली, तेव्हा मला जेवण जाईना. शेवटी गेले. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. सगुणाबाई ओसरीवर एकट्या बसल्या होत्या. आता त्यांचे डोळे खरोखरच गेले आहेत, दोन्हींत मोतीबिंदू आहे. चरखा कोपऱ्यात होता. मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळे सांगितले. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं."

"तवा म्हंजे?"

"गनपतभाऊनं सूत हातात देल्लं तवा. बोटात धरलं का समजते, कोन्या हाताचं हाये ते. बाजारात तुवा सांबार कोन्या हातानं घेतला होता, इसरली का मी?"

मी विचारले, "मावशी, मंग बोलल्या काहून नाही?"

"तुही सासू तिथंच बसली होती, पोरी. बोलली असती तं तुले त्याच दिवशी घरात कोंडलं असतं. एक मानूस तं जाऊनच राह्यलं होतं. दुसरं कायले घालवू?"

मी रडू लागले. रडता रडता विचारले, माझा राग नाही आला? मला वाटले होते त्या नाही म्हणतील. गौरवग्रंथात ज्यांच्याविषयी लिहितात ती माणसे अशा वेळी नाही म्हणतात. सगुणाबाई म्हणाल्या, "आला. लय आला. सहा महिने तुह्या तोंडाकडं पाहू वाटे ना. तू आली का मी मळ्यात निंघून जात होती, तुले समजलं नाही. थो निळा शिक्का अजून दिसते मले. आता दुसरं काई दिसत नाही, पन थो दिसते." मग त्या पुढे म्हणाल्या, "पन माहंही चुकलं. पीळ बसे ना, तवाच मले समजाले पाह्यजे होतं. माहं ध्यान सुतावर नोहतं. मी त्याइच्याकडं पाहत होती."

त्यांच्या थोरवीविषयी मला काही लिहायचे नाही. वाचकांनी ते एक वाक्य पुन्हा वाचावे. ज्या बाईने माझी चूक इतकी वर्षे स्वतःच्या नावावर वागवली, ती मी कबूल केल्यावरसुद्धा त्यातला वाटा स्वतःकडे घेत होती. एक पदर त्यांचा, एक आमचा, ही पद्धत त्या फक्त सुतापुरती पाळत नव्हत्या.

मी विचारले, हे सगळे लिहू का? लोक काय म्हणतील याचा त्यांनी थोडा विचार केला. "लिही. डाव्या हाताचंही लिही. गावात अजून असतीन अशा पोरी, फडकं बांधलेल्या. त्याइच्या घरच्याइले समजू दे." मग म्हणाल्या, "आन् माहं एक काम कर. आबाजीले जे भेटलं नाही, थे मले पाह्यजे. माह्या हातानं आता धागा निंघत नाही. दोन्ही पदर तुहेच घे. डाव्या हातानंच कात, तुहा तोच हात खरा हाये."

मी आणखी रडले. "रडू नोको," त्या म्हणाल्या, "पेळू भिजतीन."

तर चिटणीस महाशय, प्रस्तावनेतले ते वाक्य बदलावे. सगुणाबाईंच्या हातचा पीळ कधीही कमी झाला नव्हता. त्यांचा पदर कच्चा नव्हता, माझा उलटा होता. दुपदरी सूत शिकवण्याचे काम मी या महिन्यापासून सोडले आहे, आणि सगुणाबाईंनी ते आपल्या ओसरीवर पुन्हा सुरू केले आहे. त्या बोटांनी सूत तपासतात, मी शेजारी बसते. नव्या मुलींना त्या पूर्वीइतक्याच निर्दयपणे तुकडे करून देतात. त्या मुलींत दोघी डावखुऱ्या आहेत. त्यांच्या लडींना आम्ही तांबडा दोरा बांधतो, म्हणजे त्या वेगळ्या राहतात. एवढी साधी गोष्ट. मी बोलले असते तर तेव्हाही झाली असती.

त्यांनी मागितलेले वस्त्र मी तीन महिन्यांत पूर्ण केले. या वेळी उशीर करायची माझी हिंमत नव्हती. दारे उघडी ठेवून, ओसरीवर, सगळ्यांसमोर डाव्या हाताने कातले. गणपतभाऊ आता थकले आहेत, पण विणले त्यांनीच. एकही तार तुटली नाही असे त्यांनी सांगितले. मागच्या सोमवारी मी ते सगुणाबाईंच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपले. काय शोधत होत्या ते मला कळले. शिक्का कुठेच नव्हता. "चांगलं झालं," म्हणाल्या आणि पेटीत ठेवायला सांगितले. मी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवले, वर दोन गोधड्या टाकल्या.

या ग्रंथात सगळे जण सगुणाबाईंसाठी शंभर वर्षे मागतील. मीही मागते, पण माझे मागणे निराळे आहे. ते वस्त्र पेटीत पडून राहो. त्याला कसर लागो, उंदीर ते कुरतडोत, घडीवर पिवळे पडून ते विरून जावो. मी दुसरे कातीन. तेही कुजो. हात चालतो तोवर मी तिसरे कातीन, चौथे कातीन, आणि प्रत्येक वेळी ते वेळेच्या आधी तयार असेल. मावशी, तुमी फक्त घाई करू नोका.